गॅरेजमधला संकासूर

आमच्या वाडीत भीती वर्षातून एकदा घरी यायची, आणि येण्याआधी वाजायची. शिमग्यात खेळे घरोघर फिरत. ढोलकी, झांज, गाणारे, लुगडं नेसलेला गोमू आणि सगळ्यांच्या पुढे संकासूर. त्याच्या कमरेला घुंगरांचा जाड पट्टा असे. तो ओढ्यापलीकडे असतानाच आवाज यायचा, आणि खळ्यात, म्हणजे आमच्या सारवलेल्या अंगणात, खेळणारी पोरं एकदम गप्प व्हायची. कोणी पडवीतल्या कणगीमागे लपायचं, कोणी आईच्या लुगड्यात शिरायचं. मी न्हाणीच्या आडोशाला जायची. आत चुलीवर घावणे होत असत. तव्यावरचा तो चर्र आवाज आणि बाहेरून जवळ येणारे घुंगरू, हे दोन आवाज मला आजही एकत्रच ऐकू येतात. काकवीशी घावणे खाताना माझा कान अजून बाहेर असतो. वय झालं म्हणून ते गेलेलं नाही.

ज्यांनी संकासूर पाहिलेला नाही त्यांना सांगते. पायघोळ काळा झगा. डोकं आणि तोंड झाकणारी उंच, निमुळती काळी टोपी, तिला डोळ्यांपुरती भोकं. खाली पोटापर्यंत पांढरी दाढी आणि तिच्यातून लोंबणारी लाल जीभ. हातात कापडाचा पिळलेला आसूड. पोरं त्याला चिडवतात आणि तो अंगावर धावून जातो. आहे राक्षसच, पण आमच्याकडे त्याच्या पायाही पडतात. बाया त्याला ओवाळतात, नारळ देतात, आणि जे पोर त्याला बघून फार रडतं ते उचलून सरळ त्याच्या मांडीवर ठेवतात. तो त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. पोर रडायचं थांबतं, नाहीतर निदान थकतं. संकासूर बोलत नाही. लोकांसमोर तोंडावरचं सोंग कधी काढत नाही. आत कोण आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि कोणी नाव घेत नाही.

आमच्या गावात आत माझा बाप असायचा. आबा वर्षभर खालच्या आवाजात बोलणारा माणूस. भात लावायचे, उन्हाळ्यात लोकांची घरं शाकारायचे, जेवताना मान वर करायचे नाहीत. शिमगा आला की तोच माणूस खळ्यात अशी उडी घ्यायचा की कुत्री गोठ्यात शिरायची. मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते. त्या वर्षी एवढी रडले की आईने मला न्हाणीमागून ओढत आणलं आणि संकासुराच्या मांडीवर टाकलं. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तर समोर त्याचा हात. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, वासा पडून चेचलेलं. मी म्हटलं, "आबा?" सगळे हसले. तो हात माझ्या डोक्यावर आला, घुंगरू वाजले, पण उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली. नाहीच. मला त्यांचा फार राग आला. संध्याकाळी जेवताना विचारलं, "मी हाक मारली तर बोललात का नाही?" आबा म्हणाले, "मी होतो कुठे तिथे?" आणि भाकरी मोडून खायला लागले.

त्या दिवशी माझी भीती गेली आणि तिच्या जागी हाव आली. मला ते सोंग अंगावर हवं होतं. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. सोंग पडवीत खुंटीला टांगलेलं असे आणि बायकांनी त्याला हात लावायचा नसे. मी हात न लावता शिकले. गुडघा किती वाकवायचा, घुंगरू वाजायला कंबर नाही हलवायची, टाच आपटायची, आणि थांबायचं केव्हा. थांबणं सगळ्यात कठीण. आबा थकल्यावर सोंग चुलतभावाकडे गेलं, दत्तूकडे. दत्तू कंबर धरल्यासारखा चालायचा. माझी शाळा चौथीत संपलेली होती, स्थळं येत होती, आणि मी कुडाआडून बघत मनात म्हणायची, टाच मार रे, टाच. मग लग्न झालं, मुंबईला गेले, मुलं झाली, आणि हे सगळं विसरायला हरकत नव्हती. मीही विसरलेच होते म्हणा.

आता मी अमेरिकेत, ईडन प्रेरीत राहते, मुलाकडे. नवरा गेल्यावर नितीन मला इथे घेऊन आला. गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, पण इथला ऑक्टोबर मला आवडतो. झाडं लाल होतात आणि हवा अशी कोरडी गार असते की गुडघे दुखत असूनही चालावंसं वाटतं. पहिल्या वर्षी अशीच चालून आले तर समोर राहणाऱ्या डेनिस नावाच्या बाईच्या हिरवळीवर थडगी उभी राहिलेली. एकाखालून हात बाहेर आलेला. मी घरात येऊन नितीनला म्हटलं, "त्यांच्याकडे कोण गेलं? भेटून यायला हवं." तो हसून हसून खाली बसला. "आई, प्लास्टिकची आहेत ती. हॅलोवीन आहे." मग त्याने मला सगळं समजावलं. पोरं भुतं होऊन दारोदार फिरतात, दाराबाहेरचा दिवा लावलेला असेल तिथेच जातात, आणि लोक त्यांना कँडी देतात. मी म्हटलं, "म्हणजे शिमगाच की." तो म्हणाला, "नाही गं, वेगळं आहे." मी वाद घातला नाही. त्याचा जन्म मुंबईचा. त्याला शिमगा म्हणजे रंगाचे फुगे.

आमची गल्ली पुढे जाऊन गोल होते आणि संपते. त्या गोलाभोवतीच्या सगळ्या घरांचं हॅलोवीन डेनिसकडे असतं. घराच्या भिंतीवर चादर ताणून तिच्यावर जुने भुतांचे सिनेमे, स्पीकरवर रडकं संगीत, टेबलावर सफरचंदाचा गरम रस आणि राजम्यासारखी एक तिखट उसळ. मुख्य गोष्ट गॅरेजची. गाड्या बाहेर काढून, आतून काळं प्लास्टिक लावून, गल्लीतली मोठी मुलं तिथे भुताटकी करतात. प्रत्येकाला एक कोपरा मिळतो. डेनिसची मुलगी हेली त्याची मुकादम. लहान मुलं एका बाजूने आत शिरतात आणि किंचाळत दुसरीकडून बाहेर येतात.

माझी नात रेवा एका वर्षी राजकन्येच्या पोशाखात त्या गॅरेजात गेली. पट्ट्या गुंडाळलेलं कोणीतरी अंगावर आलं आणि ती रडत उलटी पळत आली. मुकुट आत पडला. एका मुलीने ते फोनवर घेतलं आणि सगळ्यांना पाठवलं. ती तेव्हा अकराची होती, फार लहान नव्हती, आणि तेच तिला लागलं. पुढच्या सप्टेंबरात तिने स्वतः जाऊन हेलीकडे कोपरा मागितला. हेली म्हणाली, देते, पण अर्ध्यातून पळालीस तर पुढच्या वर्षीपासून आयांबरोबर बाहेर बसून कँडी वाटायची. रेवाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती नेहमीच्या जोरात बोलत होती, पण हाताने टेबलावरचा कागद फाडत होती. मला कळलं की हिचं पुढचं सगळं वर्ष या एका संध्याकाळवर आहे. शाळेच्या बसमध्येही तीच मुलं असतात.

"काय होणार आहेस?" मी विचारलं.

"झॉम्बी. एव्हरीबडी इज अ झॉम्बी, आजी. सेफ आहे."

"सगळेच जे आहेत त्याला कोण भिणार?"

तेव्हा मी तिला संकासूर सांगितला. मी गोष्टी गोड करून सांगत नाही, मला येत नाही. जीभ केवढी, दाढी केवढी, आवाज कसा, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "वेट. आधी बेल वाजते? मग सरप्राइज काय राहिलं? पॉप आउट व्हायला पाहिजे. दॅट्स द होल पॉइंट."

यावर आमचं बरेच दिवस वाजलं. ती मला दाखवायला म्हणून रविवारी दुपारी तळघरातल्या सोफ्यावर भुतांचे सिनेमे लावायची. मी पोहे घेऊन बसायची. एका सिनेमात एक बाई लांब बोळातून चालत येत होती आणि रेवाने उशी तोंडावर घेतली होती. मी रिमोट घेऊन आवाज बंद केला. बाई चालतच होती. केस विंचरलेले नव्हते एवढंच. रेवाने उशीआडून बघितलं आणि तिला हसू आलं. मी आवाज पुन्हा लावला, ती पुन्हा उशीत. असं आम्ही तीन-चारदा केलं. मग तिने स्वतःच आवाज बंद केला आणि म्हणाली, "ओके. सो इट्स द म्यूझिक." मी म्हटलं, "आता चालून दाखव."

ती चालली. दत्तूच बरा म्हणायचा. मी पदर खोचला आणि तळघराच्या गालिच्यावर टाच मारून दाखवली. जे जन्मभर नुसतं बघितलं होतं ते पायाला येईल की नाही मला माहीत नव्हतं. आलं. गुडघ्याने ओरडून सांगितलं की हे आता करायचं नाही, पण आलं. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी इथे लिहिणार नाही. ज्याचं त्याला कळतं.

सोंग आम्ही घरातल्या वस्तूंचं केलं. झग्याला माझ्या जुन्या काळ्या परकराचं कापड आणि केतकीने टाकायला काढलेला पडदा. केतकी म्हणजे माझी सून, पुण्याची, हुशार, जरा लवकर घाबरणारी. दाढीला सुतळी हवी होती, ती मिळेना, म्हणून लादी पुसायच्या नव्या मॉपची पांढरी सुतं उसवली. जिभेला ओव्हनचा लाल हातमोजा. घुंगरू रेवाचेच, तिने सोडून दिलेल्या नाचाच्या क्लासचे, ते पट्ट्यावर शिवले. झगा मुद्दाम ढगळ ठेवला. इथे हॅलोवीनला कधीकधी बर्फ पडतं आणि पऱ्या, राजे, समुद्री चाचे सगळे वरून जाडं जाकीट घालून फिरतात, मग कोण काय झालंय ते कळत नाही. आमच्या संकासुराच्या आत दोन जाकिटं मावली असती. ही माझी अक्कल. सांगायला मला लाज वाटत नाही.

टोपी शेवटी केली. जाड पुठ्ठ्याचा उंच, निमुळता शंकू, वर काळं कापड, डोळ्यांना भोकं. अगदी आबांची. रेवा ती घालून स्वयंपाकघरात उभी होती तेव्हा पाटणकर डॉक्टर आले. ते पलीकडच्या घरात एकटे राहतात. फार वर्षांपूर्वी अमेरिकेत आले, आता निवृत्त आहेत, आणि रविवारी चहाला आमच्याकडे असतात. प्रत्येक वाक्यात थट्टा असते. दारातून आत येत म्हणाले, "वहिनी, आज आल्याचा चहा, नाहीतर मी..." आणि थांबले. रेवाकडे बघत राहिले. हसले नाहीत.

"ही कशाची टोपी?"

"संकासूर," मी म्हटलं. "आमच्या शिमग्यातला."

ते खुर्चीवर बसले. "वहिनी, मी या देशात आलो तेव्हा पहिली नोकरी दक्षिणेतल्या एका लहान गावात होती. तिथे मी अशी टोपी पाहिली आहे. पांढरी. आत माणसं होती. काळ्या लोकांची घरं जाळणारी, त्यांना फासावर टांगणारी. आम्हालाही ते काही आपलं समजत नव्हते. एक अख्खी रात्र मी आणि माझी बायको दिवे मालवून बसलो होतो."

केतकीने हातातली पिशवी खाली ठेवली. "अरे देवा. माझ्या कसं लक्षात नाही आलं? आई, हे नाही चालणार. रेवा, काढ ते. हे कॅन्सल करू या आपण."

"पण ही ब्लॅक आहे," रेवा आतून म्हणाली. "आणि इट्स फ्रॉम इंडिया."

"बघणाऱ्याला आधी टोक दिसतं, बेटा," डॉक्टर म्हणाले. "कुठली आहे ते नंतर."

मला ते काहीच माहीत नव्हतं. कुठून असणार? वाईटही वाटलं, कारण ती टोपी चांगली जमली होती. पण शेजारणीकडे आलेल्या कोणाच्या पोटात खरा गोळा येणार असेल तर तो खेळ नव्हे. संकासुराला भ्यायचं आणि मग त्याच्याच मांडीवर बसायचं, असा आमचा खेळ. त्या दुसऱ्या टोपीवाल्यांच्या मांडीवर कोण बसेल? मी कातर घेतली आणि टोक बुडापासून कापून टाकलं. केतकी म्हणाली, "आई, पण मग तो संकासूर राहील का?" मी म्हटलं, "टाच मारली तर राहील." उरलेल्या गोल डोक्याला आम्ही तपकिरी कागदाची दोन वाकडी शिंगं लावली आणि मॉपची उरलेली सुतं वर पिंजारून शिवली. ते भोकांचं तोंडही काढलं आणि पुठ्ठ्याचा मुखवटा केला, मोठे पांढरे डोळे आणि दात रंगवून. डॉक्टर चहा संपेपर्यंत बसले आणि दातांवर अंगठा फिरवून म्हणाले, "याला डेंटिस्टची गरज आहे." तेव्हा मला बरं वाटलं. आबांना हे आवडलं असतं की नाही ते मी सांगू शकत नाही. त्यांना ईडन प्रेरीत सोंग घ्यायचं नव्हतं. आम्हाला होतं.

हॅलोवीनच्या दिवशी बर्फ पडलं नाही, वारा मात्र कापत होता. अंधार पडायला लागला तसे दिवे लागले आणि पोरं बाहेर पडली. रेवाला गॅरेजचा शेवटचा कोपरा मिळाला होता, बाहेर पडायच्या वाटेजवळचा. मी तिच्या बाजूला घडीच्या खुर्चीवर, शालीवर जाकीट घालून, समोर पालथी बादली घेऊन बसले. संकासुराबरोबर वाजवणारं कोणीतरी लागतंच. नितीन म्हणत होता फोनवर ढोलकी लावून देतो. मी नको म्हटलं. हेलीला रेवाने एवढंच सांगितलं होतं की आमच्या कोपऱ्याकडचा स्पीकर बंद ठेव. हेलीने खांदे उडवले होते, पण ठेवला.

आधीच्या कोपऱ्यांत आरडाओरडा चाललेला. करवतीचा आवाज, दारं आपटणं, झॉम्बी उड्या मारतायत. तिथून पोरं हसत, एकमेकांना ढकलत पुढे यायची आणि अचानक शांततेत शिरायची. मग काळोखातून टाच. छम्म. पोरं थांबायची. मी बादलीवर दोन बोटं वाजवायची आणि बंद करायची. पुन्हा छम्म, जरा जवळून. मग काहीच नाही. मी तिला म्हटलं होतं की या थांबण्याला घाबरू नकोस, लवकर पुढे येऊ नकोस, त्यांना वाट बघू दे. ती वाट बघायला लावत होती. मोठी मोठी मुलं, ज्यांना मिसरूड फुटायला लागलंय, ती आल्या वाटेने मागे जायला बघत होती. मग ती जीभ हलवत उजेडात यायची, आसूड फिरवत. तो फोनवाल्या मुलीचा घोळका आला. त्यातल्या एकीने माझ्याच खुर्चीचा आधार घेतला आणि माझा खांदा एवढा दाबला की दुसऱ्या दिवशी शेक घ्यावा लागला. मी मनात म्हटलं, दाब.

मग ओवेन आला. डावीकडच्या घरातला, चार वर्षांचा, हिरव्या डायनोसॉरच्या पोशाखात. आईचं बोट धरून होता. तिने त्याला आत आणायला नको होतं, पण तो आधीच्या कोपऱ्यांत हसत होता म्हणे. घुंगरू ऐकून तो थांबला. रेवाला मुखवट्यातून तो नीट दिसला नसावा, ती मोठ्या मुलांसमोर यायची तशीच एकदम पुढे आली. ओवेनने जी किंकाळी फोडली ती सिनेमाकडच्या लोकांनाही ऐकू गेली. आईने उचलून घेतलं तरी तो ताठ होऊन ओरडतच होता, श्वास अडकेपर्यंत. करवत बंद झाली. कोणीतरी दिवा लावला. डेनिस आली, केतकी धावत आली, झॉम्बी आपापल्या कोपऱ्यातून बाहेर येऊन बघायला लागले. फोनवाली मुलगी अजून तिथेच होती.

ओवेनच्या आईचं बोलणं मला शब्दाशब्दाने कळलं नाही. चिडली होती आणि चिडायचा तिला हक्क होता. हेलीचं कळलं. "रेवा, टेक इट ऑफ. शो हिम इट्स यू." डेनिसही तेच म्हणत होती, मऊ आवाजात. इथे असंच करतात. पोर घाबरलं की मुखवटा काढून दाखवायचा, बघ, आपली रेवाच आहे, झालं. त्यात वाईट काही नाही. पण मुखवटा काढला असता तर आत रडवेलं तोंड होतं. ते मला न बघता माहीत होतं, कारण पट्ट्याचे घुंगरू बारीक बारीक वाजत होते आणि ती तर जागेवर उभी होती. "रेवा, काढ गं ते," केतकी म्हणाली. रेवाचे दोन्ही हात दाढीपर्यंत गेले आणि तिने माझ्याकडे बघितलं. रंगवलेल्या डोळ्यांतून कुठे बघतात ते कळत नाही, पण मान माझ्याकडे वळली.

आमच्याकडे असतं तर मी पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवलं असतं. मी उठलेही होते. खरंच दोन पावलं गेले आणि हात पुढे केले, आणि ओवेनच्या आईने त्याला माझ्यापासून दूर वळवलं. "आई, नको. इथे दुसऱ्याच्या मुलाला हात नाही लावायचा," केतकी म्हणाली. मी हात मागे घेतले. मग दुसरं काय उरलं? मीच गेले. सिमेंटवर गुडघे टेकले, एक मग दुसरा, आणि माझ्या नातीच्या पायांवर डोकं ठेवलं.

केतकी "आई" म्हणाली. मी नातीच्या पाया पडत नव्हते, संकासुराच्या पडत होते, पण ते तिथे कोणाला सांगणार? एकीलाच कळणं गरजेचं होतं. मी वाट बघत राहिले. पायाखालच्या सिमेंटचा गारठा हाडात जात होता आणि वर काही होत नव्हतं. मग टाच वाजली. छम्म. एकदाच, बरोबर. आणि हात माझ्या डोक्यावर आला. पूर्ण टेकवला, सगळी बोटं.

ओवेन रडायचा थांबला होता. पोराला रडण्यापेक्षा बघणं जास्त आवडतं. एक म्हातारी जमिनीवर बसलेली, राक्षस तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा, आणि राक्षस तिला खात नाही. तो आईला काहीतरी म्हणाला. नंतर नितीनने सांगितलं, त्याने विचारलं होतं, तो तिला बरं करतोय का? त्याची आई अजून रागातच होती. पण ती गेली नाही. रेवा हळूच खाली बसली, अगदी मी शिकवलं होतं तशी, गुडघे फाकवून, आणि डोकं वाकवून जीभ पुढे केली. बोलली नाही. कोणी आणखी एकदा तिला नावाने हाक मारली, तिकडे तिने मान वळवली नाही. ओवेनने आईच्या कडेवरूनच हात लांब केला आणि जीभ ओढली. घुंगरू वाजले. त्याने पुन्हा ओढली. मग तो खाली उतरला.

मांडीवर तो बसला नाही. ते मी इथे सजवून लिहिणार नाही. जीभ चार वेळा ओढून तो बाहेर पळाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने डेनिसला सांगितलं की इतक्या लहान मुलांना आत सोडू नका, ते बरोबरच होतं. पण त्यानंतर हेलीने दिवा बंद केला, करवत सुरू झाली, आणि जी पोरं आत आली त्यांना आधीच बातमी होती. घाबरून झाल्यावर ती जात नव्हती. थांबायची आणि डोकं पुढे करायची. एक झॉम्बीसुद्धा आपला कोपरा सोडून आला, चिंध्या सावरत. रेवा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होती. पाणी प्यायलीही नाही, कारण त्याला मुखवटा उचलावा लागला असता. मी बादली वाजवत होते. माझ्या आयुष्यात मी ज्यांचा अभिमान धरावा अशा गोष्टी मोजक्याच आहेत, मुलं शिकली, घर चालवलं. त्या संध्याकाळचा अभिमान त्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे, आणि हे मी मुलांसमोरही म्हटलेलं आहे.

गॅरेज बंद करताना हेली म्हणाली, आता काढ. रेवाने मान हलवली. ती तशीच सोंगात गल्ली ओलांडून आली, मी मागे, एका हाताने नितीनचा खांदा धरून. आमच्या घरात शिरल्यावर, दार लागल्यावरच तिने मुखवटा काढला. केस घामाने कपाळाला चिकटलेले, गालावर पुठ्ठ्याचे वळ. मी जिन्याच्या पायरीवर बसून तिच्या पट्ट्याच्या गाठी सोडायला लागले. बोटं गारठली होती, गाठी सुटत नव्हत्या.

"आजी, माझे पाय पूर्ण वेळ थरथरत होते. दिसलं का?"

"नाही. झगा पायघोळ असतो तो उगाच नाही."

तिने हातातला मुखवटा फिरवून बघितला. "पणजोबांचे पण थरथरायचे?"

"मला काय माहीत? मला कधी आत जाऊच दिलं नाही. आत तू होतीस. आतून कसं असतं ते तू सांग मला."

तेव्हा ती माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि सांगायला लागली, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. भोकांतून माणसं किती लहान दिसतात. स्वतःचा श्वास किती मोठ्याने ऐकू येतो. हाक आली की ओ द्यावीशी वाटते आणि देता येत नाही. मी गाठ हातात धरून ऐकत बसले.